मूळ छायेत, फूल उन्हात

वेलीला स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही. वृक्षाला जाड खोड असते, झुडपाला ताठ फांद्या असतात. वेलीचे अंग मात्र नाजूक व लवचीक असते. तरीही वृक्षाइतकाच सूर्यप्रकाश तिलाही हवा असतो. म्हणून ती दुसऱ्याच्या आधाराने वर चढते. हा आधार घेण्याची रीत सर्व वेलींची सारखी नसते. गोकर्णाची वेल काठीभोवती आपले सारे अंग गुंडाळीत वर जाते. दोडका व कारले यांच्या वेलींना दोऱ्यासारखे ताणे फुटतात आणि ते मांडवाच्या काटक्यांना विळखे घालतात. मिरीची वेल पेरापेरांतून मुळे सोडून झाडाच्या सालीला चिकटते. या तिन्ही रीतींहून निराळ्या रीतीने चढणारी एक सुंदर फुलवेल आहे. तिचे नाव क्लेमॅटिस.

क्लेमॅटिस हे नाव ग्रीक भाषेतून आलेले आहे. वेलीची कोवळी डहाळी असा अर्थ असलेल्या शब्दापासून ते बनले आहे. या वेलीच्या सुमारे ३०० जाती पृथ्वीवर आढळतात. त्यांतील बहुतेक थंड व समशीतोष्ण प्रदेशांत वाढतात. इंग्लंड, फ्रान्स, चीन, जपान इत्यादी देशांतील उद्यानांत तिला मोठा मान आहे. जपानी लोक तिच्या एका जातीला ‘तेस्सेन’, म्हणजे लोखंडी तार, असे म्हणतात. कारण तिचे खोड तारेसारखे बारीक असूनही चिवट असते. आपला देशही या वेलीला परका नाही. हिमालयाच्या उतारांवर तिच्या अनेक जाती फुलतात, आणि सह्याद्रीत आढळणारी रानजाई किंवा मोरवेल हीदेखील क्लेमॅटिसच होय. मराठी वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर या वेलीच्या साऱ्या कुलालाच ‘मोरवेल कुल’ असे नाव दिले आहे. विषारी म्हणून प्रसिद्ध असलेला बचनाग याच कुलातला.

क्लेमॅटिसला ताणे नसतात आणि भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. ती आपल्या पानांच्या देठांनी आधार धरते. तिची पाने खोडावर समोरासमोर येतात. बहुतेक जातींत एका पानाच्या तीन किंवा अधिक पर्णिका असतात आणि त्यांना धरणारा देठ लांब असतो. हा देठ एखाद्या काटकीला किंवा तारेला लागला की हळूहळू वाकू लागतो आणि तिच्याभोवती एक-दोन वेढे घेतो. पान असे अडकले की खोडाला आधार मिळतो. मग वरचे पेर पुढे वाढते व तेथील पाने नवा आधार शोधतात. शिडी चढणारा माणूस जसा एकेका पायरीला हात घालीत वर जातो, तशी ही वेल एकेका पानाने वर चढते.

देठांच्या या शक्तीचा सखोल अभ्यास चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने केला. त्याने क्लेमॅटिसच्या अनेक जाती कुंड्यांत लावल्या आणि त्यांच्या हालचालींच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. कोवळ्या देठावर दोऱ्याचा अगदी हलका फास अडकविला, तरी तेवढ्या स्पर्शानेही देठ वाकतो, असे त्यास दिसून आले. आधाराला धरून राहिलेला देठ पुढे जाड व टणक होतो, हेही त्याने पाहिले. १८६५ साली वेलींविषयीचा आपला प्रबंध त्याने प्रसिद्ध केला. पाने ही अन्न तयार करणारी इंद्रिये आहेत हे सर्वांस ठाऊक असते. पण तीच पाने हाताचेही काम करतात, ही गोष्ट या वेलीने स्पष्ट करून दाखविली.

या वेलीचे फूलही पाहणाऱ्यास चकवा देते. पांढरे, गुलाबी, निळे किंवा गडद जांभळे असे मोठे फूल पाहून कोणीही त्याच्या पाकळ्या मोजू लागेल. परंतु त्या पाकळ्या नव्हेतच. गुलाबाची कळी उमलण्यापूर्वी तिच्याभोवती जी हिरवी दले असतात, त्यांना निदले म्हणतात. क्लेमॅटिसच्या फुलात ही निदलेच रंगीत होऊन पाकळ्यांचे काम करतात. बहुधा ती चार ते आठ असतात. खऱ्या पाकळ्या फुलात नसतातच. फूल गळून गेल्यावरही वेलीची शोभा संपत नाही. फुलाच्या मध्यभागी असलेल्या प्रत्येक लहानशा फळाला रुपेरी, पिसासारखे लांब शेपूट फुटते. अशा पुष्कळ फळांचा मिळून एक मऊ गोंडा तयार होतो. वारा सुटला की ही फळे आपल्या पिसांवर तरंगत दूर जातात व नव्या जागी रुजतात. इंग्लंडच्या कुंपणांवर वाढणाऱ्या रानटी क्लेमॅटिसला अशा पांढऱ्या गोंड्यांमुळे ‘म्हाताऱ्याची दाढी’ असे गमतीदार नाव मिळाले आहे. त्याच वेलीला जॉन जेरार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९७ साली आपल्या ग्रंथात ‘वाटसरूचा आनंद’ असे दुसरे नाव दिले.

कुंपणावरची ही साधी वेल उद्यानाची राणी कशी झाली, याचा इतिहास मनोरंजक आहे. युरोपातील मूळच्या जातींची फुले लहान होती. एकोणिसाव्या शतकात दूरदेशींच्या जाती तेथे जाऊन पोहोचू लागल्या. १८३१ साली हिमालयातील पांढऱ्या फुलांची एक जोमदार जाती इंग्लंडमध्ये गेली. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्या पत्नीने ती तेथे नेली. १८३६ च्या सुमारास सीबोल्ड या जर्मन वैद्याने जपानमधून मोठ्या फुलांची एक जाती युरोपात आणली. पुढे १८५० साली रॉबर्ट फॉर्च्यून याला चीनमधील निंगपो शहराजवळ आणखी मोठ्या फुलांची जाती सापडली. चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात पाठविणारा फॉर्च्यून तो हाच.

इंग्लंडमध्ये वोकिंग या गावी जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती. तेथे १८५८ साली चीनमधील ही मोठ्या फुलांची जाती आणि युरोपातील लहान फुलांच्या काटक जातीचे वाण यांचा संकर करण्यात आला. त्या बियांपासून झालेल्या वेली १८६२ साली फुलल्या. त्यांतील एकीची फुले मखमलीसारखी गडद जांभळी होती आणि ती इतकी आली की पानेही झाकून जावीत. तिला ‘जॅकमनी’ हे नाव मिळाले. पाहता पाहता ती साऱ्या देशभर पसरली. घराच्या दारावर, भिंतीवर, कुंपणावर जिकडेतिकडे क्लेमॅटिस दिसू लागली. १८७२ साली टॉमस मूर आणि जॉर्ज जॅकमन यांनी या एकाच वेलीविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शेकडो नवे वाण निर्माण झाले.

परंतु हे वैभव फार काळ टिकले नाही. १८८० नंतरच्या काळात रोपवाटिकांतून आणि उद्यानांतून एक विचित्र संकट कोसळले. फुलांच्या भाराने वाकलेली निरोगी वेल अचानक कोमेजू लागे. आज कळ्यांनी भरलेल्या वेलीची पाने एक-दोन दिवसांत माना टाकीत, काळी पडत आणि सारा फुलोरा वाळून जाई. पाणी घालूनही काही उपयोग होत नसे. अशा रीतीने हजारो वेली गेल्या. कोणी मातीला दोष दिला, कोणी कलमे बांधण्याच्या पद्धतीला. माळ्यांनी मेलेल्या वेली उपटून टाकल्या आणि पुष्कळांनी तर क्लेमॅटिस लावणेच सोडून दिले.

या मर रोगाचे कारण पुढे अमेरिकेत उमगले. न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा या गावी एक कृषी संशोधन केंद्र आहे. तेथील ग्लॉयर नावाच्या शास्त्रज्ञाने १९१५ साली दाखवून दिले की, हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. ही बुरशी बहुधा जमिनीलगत खोडात शिरते. तेथील भाग सडला की मुळांनी शोषलेले पाणी वर चढू शकत नाही आणि वरची सारी वेल तहानेने सुकते. वरची वेल मेली तरी पुष्कळदा जमिनीखालची मुळे मात्र जिवंतच असतात. माळ्यांनी मेल्या म्हणून उपटून टाकलेल्या वेलींपैकी कितीतरी वेली वस्तुतः मेलेल्या नव्हत्या!

क्लेमॅटिस लावण्याची जी पद्धत आज सर्वमान्य झाली आहे, तिच्यात या अनुभवाचे सार आहे. सामान्यतः रोप लावताना ते कुंडीत जितके खोल असेल तितकेच खोल जमिनीत लावतात. त्याहून खोल लावले तर खोड सडण्याची भीती असते. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसच्या बाबतीत मात्र उलट करतात. तिच्या मुळांच्या गड्ड्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीखाली सहा ते आठ सेंटिमीटर जाईल, इतक्या खोल ती लावतात. त्यामुळे खोडाची खालची एक-दोन पेरे मातीत गाडली जातात. पेरांवर डोळे असतात. उद्या मर रोगाने किंवा एखाद्याच्या पायाखाली येऊन वरची वेल नष्ट झाली, तरी मातीखालचे हे डोळे जागे होतात आणि त्यांतून नवे कोंब वर येतात. म्हणून वेल सुकलेली दिसताच ती उपटावयाची नसते. रोगट खोड निरोगी भागापर्यंत कापून काढावे, कापलेला भाग व गळालेली पाने गोळा करून जाळावीत, कात्री स्वच्छ करावी आणि बुंध्याशी पाणी घालीत वाट पाहावी. कधी काही आठवड्यांनी, तर कधी पुढील वसंतात नवा कोंब दिसतो.

लागवडीसाठी सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल खड्डा घेतात. त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मातीत मिसळतात. माती ओलावा धरणारी हवी. पण तिच्यात पाणी साचून राहता कामा नये. भिंतीवर वेल चढवावयाची असली, तरी खड्डा भिंतीला लागून घेत नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी पावसाचे पाणी फारसे पडत नाही आणि तेथील माती कोरडी राहते. म्हणून खड्डा भिंतीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर दूर घेऊन रोप भिंतीकडे तिरपे लावतात आणि एका काठीने त्याला आधारापर्यंत पोहोचवितात.

आधार निवडतानाही वेलीची चढण्याची रीत ध्यानात ठेवावी लागते. पानाचा देठ लहान असतो; जाड खांबाला त्याचा वेढा पुरत नाही. एवढा मोठा खांब जवळ असूनही वेल त्याच्या पायथ्याशी लोळत पडते आणि शेजारच्या बारीक काटकीवर मात्र झरझर चढते. म्हणून खांबाभोवती तारेची जाळी गुंडाळतात किंवा भिंतीवर तारा ताणून बसवितात. आधार बोटाहून जाड नसावा, हा सोपा नियम होय.

यानंतरचा नियम फार जुना आहे. क्लेमॅटिसचे पाय सावलीत आणि डोके उन्हात असावे, असे इंग्लंडमधील माळी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. रानात ही वेल झुडपांच्या गर्दीत उगवते. तेथे तिच्या मुळांवर पालापाचोळ्याचे पांघरूण असते, माती थंड व ओलसर असते. आणि वेल झुडपांतून वाट काढीत वरच्या उन्हात जाऊन फुलते. उद्यानात तीच स्थिती निर्माण करावी लागते. त्यासाठी बुंध्याजवळ लहान झुडपे लावतात, सपाट दगड ठेवतात किंवा खताचे जाड आच्छादन पसरतात. हे आच्छादन खोडाला चिकटू देत नाहीत. उन्हाळ्यात भरपूर पाणी देतात. वरची फुले कितीही उन्हात असोत, त्यांचे पोषण खालच्या थंड व ओल्या मातीतून होत असते. काही वाणांना मात्र कडक ऊन मानवत नाही. १८९७ साली फ्रान्समध्ये तयार झालेला ‘नेली मोझर’ हा फिकट गुलाबी पट्टेदार वाण प्रखर उन्हात रंग गमावतो. म्हणून तो उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर लावतात.

क्लेमॅटिसची छाटणी केव्हा करावी, हा प्रश्न नवख्या माळ्याला मोठा अवघड वाटतो. परंतु वेल कोणत्या फांदीवर फुलते हे पाहिले म्हणजे उत्तर आपोआप मिळते. हिमालयातील पांढरी जाती वसंत ऋतूत गतवर्षीच्या जुन्या फांद्यांवर फुलते. हिवाळ्यात तिची छाटणी केली, तर येणारी सारी फुलेच कापली जातील. म्हणून तिची छाटणी फुले सरल्यावर करतात. ‘नेली मोझर’सारखे वाण उन्हाळ्याच्या आरंभी जुन्या फांद्यांतून निघालेल्या आखूड डहाळ्यांवर फुलतात, त्यांच्या केवळ वाळक्या व दुबळ्या काड्या हिवाळ्याच्या अखेरीस काढतात. ‘जॅकमनी’ मात्र नव्या फांद्यांवर फुलते. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ती जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या किंचित वर, कापून टाकतात. काल जेथे वेल होती तेथे आज चार काड्या उरलेल्या पाहून अजाण माणसाचे मन हळहळते. पण उन्हाळा येताच त्याच काड्यांतून फुटलेले कोंब तीन मीटर उंच चढतात व जांभळ्या फुलांनी झाकून जातात. नव्याने लावलेले रोपही पहिल्या वसंतात असेच खाली छाटतात. त्यामुळे एका काडीऐवजी बुंध्यापासून अनेक फांद्या फुटतात.

संकरित वाणांच्या बियांपासून आईसारखीच वेल होईल असा भरवसा नसतो. त्यामुळे त्यांची रोपे दाब कलमाने किंवा छाट कलमाने करतात. दाब कलमासाठी एक लांब फांदी खाली वाकवून तिचे पेर मातीत दाबतात व वर दगड ठेवतात. काही महिन्यांत तेथे मुळे फुटतात आणि मग ती फांदी मूळ वेलीपासून तोडून घेतात. छाट कलमातही या वेलीचे वेगळेपण दिसते. पुष्कळ झाडांची काडी पेराच्या लगत खाली कापतात. क्लेमॅटिसची काडी दोन पेरांच्या मध्ये, कांड्यावर, कापली तरी तिला मुळे फुटतात. हे सारे काम करताना हातमोजे घालणे हिताचे असते. कारण या वेलीचा रस त्वचेला झोंबतो व त्याने फोडही येतात. जुन्या काळी युरोपातील काही भिकारी लोकांची दया मिळविण्यासाठी हा रस अंगाला चोळून मुद्दाम फोड आणीत. फ्रान्समध्ये तर रानटी क्लेमॅटिसला ‘भिकाऱ्यांची वनस्पती’ असेच नाव पडले होते.

मोठ्या फुलांचे हे वाण हिवाळ्याच्या गारठ्यात विसावा घेतात आणि वसंतात पुन्हा जागे होतात. महाराष्ट्राच्या मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळा त्यांना मानवत नाही. परंतु क्लेमॅटिस पाहण्यासाठी समुद्रापार जाण्याचे कारण नाही. पावसाळा सरत आला, भाद्रपद-आश्विनाचे दिवस आले, की सह्याद्रीच्या डोंगरांवर आणि गडांच्या वाटांवर रानजाई फुलते. करवंदीच्या जाळीवर पांढऱ्या चांदण्या विखुराव्यात तशी तिची फुले दिसतात. तिला कोणी खत घालीत नाही, कोणी तिची छाटणी करीत नाही. तिचे मूळ जाळीच्या दाट सावलीत असते आणि फुले उन्हात असतात. माळ्यांनी अनेक वर्षांच्या अनुभवाने जो नियम शोधून काढला, तो ती रानात आपसूक पाळीत असते.

अशी वेल आढळली तर तिच्या फुलाचा तुरा तोडण्यापेक्षा तिच्या पानाचा देठ न्याहाळून पाहावा. काटकीला त्याने कसा वेढा घातला आहे, तो किती टणक झाला आहे, हे डोळ्यांनी दिसते. फुलाची निदले मोजता येतात. आणखी काही दिवसांनी तेथेच पिसांचे रुपेरी गोंडे दिसतात. पुढे उन्हाळ्यात तीच वेल वाळून काडीसारखी झालेली दिसली, तर ती मेली असे समजून कोणी ओढून काढू नये. पहिला पाऊस पडला की मातीखालच्या जिवंत मुळांतून तिचे नवे कोंब पुन्हा वर येतात.